मॅरेथॉन किती वेळात? अंथरूण पाहून पाय पसरलेले बरे!

दरवर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई नेहमीपेक्षा लवकर जागी होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर पहाटेच्या अंधारातच हजारो धावपटूंची गर्दी जमते. कोणी पाय मोकळे करीत असतो, कोणी छातीवरचा क्रमांक पुन्हा पुन्हा चाचपून पाहत असतो. काही तासांनी हीच माणसे घामाने निथळत अंतिम रेषा ओलांडतात, गळ्यात पदक पडते आणि सोमवारी कार्यालयात पाऊल टाकताच पहिला प्रश्न येतो, 'किती वेळ लागला?'

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर चांगले की वाईट, हे ठरवण्याचे माप मात्र बहुतेकांपाशी नसते. दूरचित्रवाणीवर दिसणारे केनिया आणि इथिओपियाचे धावपटू सव्वादोन तासांच्या आत शर्यत संपवतात. शेजारच्या इमारतीतील गृहस्थांना साडेपाच तास लागतात. मग चार तास म्हणजे उत्तम की सामान्य? पहिल्याच मॅरेथॉनसाठी पाच तासांचे लक्ष्य ठेवणे कमीपणाचे की शहाणपणाचे? या प्रश्नांची उत्तरे न शोधता केवळ मित्राने सांगितले म्हणून एखादा आकडा मनात धरून धावणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अशा चुकलेल्या आकड्याची किंमत शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये मोजावी लागते. कधी ती केवळ निराशेची असते, कधी गुडघ्याच्या दुखापतीची, तर कधी थेट वैद्यकीय मदत केंद्रातील खाटेची.

अंतर ठरले कसे?

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर, तर अर्धमॅरेथॉनचे त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे २१.१ किलोमीटर. अथेन्स येथे १८९६ मध्ये झालेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये मात्र हे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. ग्रीसच्या स्पिरिडॉन लुईस याने ती शर्यत २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकली. आज एखादा कसलेला हौशी धावपटू त्याहून दोन किलोमीटर अधिक अंतर तेवढ्याच वेळात पार करू शकतो. लंडनच्या १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडागारापर्यंतचे जे अंतर भरले, तेच पुढे १९२१ मध्ये अधिकृत म्हणून मान्य झाले.

तेव्हापासून वेळेची शिखरे सतत खाली येत गेली. केनियाच्या केल्व्हिन किप्टमने २०२३ मध्ये शिकागो येथे २ तास ३५ सेकंद अशी वेळ नोंदवून विश्वविक्रम केला. याचा अर्थ त्याने प्रत्येक किलोमीटर सरासरी २ मिनिटे ५२ सेकंदांच्या आत धावून काढला. ताशी जवळपास २१ किलोमीटर हा वेग सामान्य माणसाला शंभर मीटरसुद्धा टिकवणे जड जाते. हा गुणी धावपटू फेब्रुवारी २०२४ मध्ये मोटार अपघातात दगावला.

भारतापुरते बोलायचे तर शिवनाथ सिंग यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. अनेकदा अनवाणी धावणाऱ्या या सैनिकाने १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावा क्रमांक मिळवला आणि १९७८ मध्ये जालंधर येथे २ तास १२ मिनिटे अशी वेळ दिली. त्यांचा हा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. महिलांमध्ये ओ. पी. जैशा हिने २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत २ तास ३४ मिनिटे ४३ सेकंदांची नोंद केली. मुंबई मॅरेथॉनचा विचार केला, तर २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत ही शर्यत जिंकली होती.

ही सर्व नावे आदराने घ्यावीत, पण स्वतःचे लक्ष्य ठरवताना ती बाजूला ठेवावीत. धावणे हाच ज्यांचा दिवसभराचा उद्योग आहे आणि जे आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर धावतात, त्यांची तुलना लोकलच्या गर्दीतून घरी परतून रात्री बुटांची नाडी बांधणाऱ्याशी होऊ शकत नाही.

सर्वसामान्यांची वेळ किती?

जगभरातील मोठ्या शर्यतींचे निकाल पाहिले, तर हौशी धावपटूंची मॅरेथॉनची सरासरी वेळ साधारण साडेचार तासांच्या आसपास असते. पुरुषांची त्याहून थोडी कमी, महिलांची थोडी अधिक. अर्धमॅरेथॉनला दोन ते सव्वादोन तास, दहा किलोमीटरला एक तासाच्या आसपास आणि पाच किलोमीटरला अर्ध्या तासाच्या मागेपुढे, असे ढोबळ चित्र आहे. आपल्याकडील दमट हवेत पहिल्यांदाच उतरणाऱ्यांनी यात आणखी भर धरणे योग्य ठरते. पूर्ण मॅरेथॉन पाच ते सहा तासांत संपवणारा नवखा धावपटू कोणत्याही अर्थाने 'मागे पडलेला' नसतो.

चार तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करणे ही हौशी धावपटूंमध्ये मानाची पायरी समजली जाते, तर तीन तासांच्या आत येणे ही फार थोड्यांना साधणारी गोष्ट आहे. अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये गुणवत्तेवर प्रवेश हवा असेल, तर आधी दुसऱ्या एखाद्या शर्यतीत ठरावीक वेळ नोंदवावी लागते. ही पद्धत तेथे १९७० मध्ये सुरू झाली, तेव्हा चार तासांची अट होती. स्पर्धा वाढली तशी अट कडक होत गेली. २०२६ च्या शर्यतीसाठी १८ ते ३४ वर्षे वयोगटातील पुरुषांना २ तास ५५ मिनिटे आणि महिलांना ३ तास २५ मिनिटे ही मर्यादा होती. वाढत्या वयाबरोबर ती शिथिल होत जाते. साठीच्या धावपटूची वेळ पंचविशीतल्या तरुणाच्या मापाने मोजू नये, हे तत्त्व त्यामागे आहे. वयानुसार वेळेचे मूल्यमापन करणारे तक्ते आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरले जातात. पन्नाशीनंतर धावू लागलेल्यांनी आपली वेळ अशा तक्त्यात ताडून पाहिली, तर अनेकांना सुखद धक्का बसेल.

चौकट : कोणत्या वेळेसाठी कोणता वेग?

धावपटूंच्या भाषेत 'पेस' म्हणजे एक किलोमीटर कापण्यास लागणारा वेळ. पूर्ण मॅरेथॉनसाठी हा हिशेब असा :

- ३ तास : प्रतिकिलोमीटर ४ मिनिटे १६ सेकंद
- ४ तास : प्रतिकिलोमीटर ५ मिनिटे ४१ सेकंद
- साडेचार तास : प्रतिकिलोमीटर ६ मिनिटे २४ सेकंद
- ५ तास : प्रतिकिलोमीटर ७ मिनिटे ७ सेकंद
- ६ तास : प्रतिकिलोमीटर ८ मिनिटे ३२ सेकंद

अर्धमॅरेथॉन दोन तासांत संपवायची असेल, तर वेग चार तासांच्या मॅरेथॉनइतकाच, म्हणजे ५ मिनिटे ४१ सेकंद हवा. दहा किलोमीटर एका तासात म्हणजे बरोबर ६ मिनिटांचा पेस.

छोट्या शर्यतीवरून मोठीचा अंदाज

मग स्वतःची अपेक्षित वेळ काढायची कशी? याचे एक सोपे सूत्र अमेरिकेतील अभियंते पीटर रिगेल यांनी १९७७ मध्ये मांडले. अंतर दुप्पट झाले म्हणून वेळ केवळ दुप्पट होत नाही. थकव्यामुळे ती त्याहून थोडी अधिक वाढते. रिगेल यांच्या सूत्रानुसार अंतर दुप्पट केल्यास वेळ साधारण २.०८५ पट होते.

उदाहरणार्थ, दादरला राहणारे, बँकेत नोकरी करणारे चाळिशीचे एखादे गृहस्थ दहा किलोमीटर बरोबर एका तासात धावतात असे समजू. सूत्र सांगते, की त्यांना अर्धमॅरेथॉनला सुमारे २ तास १२ मिनिटे आणि पूर्ण मॅरेथॉनला सुमारे ४ तास ३६ मिनिटे लागतील. दहा किलोमीटरचा सहा मिनिटांचा पेस मॅरेथॉनमध्ये साडेसहा मिनिटांच्या पलीकडे जातो. 'एका तासात दहा, म्हणजे सव्वाचार तासांत बेचाळीस' असा त्रैराशिकाचा हिशेब जे करतात, ते येथेच फसतात.

तथापि, हे सूत्रही हौशी धावपटूच्या बाबतीत काहीसे उदार आहे. अँड्र्यू व्हिकर्स आणि एमिली व्हर्टोसिक या संशोधकांनी सुमारे २,३०० हौशी धावपटूंच्या वेळा तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्धमॅरेथॉनपर्यंत रिगेल यांचे सूत्र ठीक चालते. पण पूर्ण मॅरेथॉनच्या बाबतीत निम्म्या धावपटूंना सूत्राने दाखवलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटे किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, असे त्यांना आढळले. याचे कारण उघड आहे. दहा किलोमीटरसाठी पुरेसा असलेला सराव बेचाळीस किलोमीटरला पुरत नाही. म्हणून आपल्या उदाहरणातील बँक कर्मचाऱ्याने आठवड्याचा सराव मोजका असेल, तर ४ तास ३६ मिनिटांऐवजी पावणेपाच ते पाच तासांच्या दरम्यानचे लक्ष्य धरणे शहाणपणाचे ठरेल.

अंदाजासाठी वापरायची शर्यत अलीकडची हवी, हेही ध्यानात घ्यावे. पाच वर्षांपूर्वी, आठ किलो वजन कमी असताना नोंदवलेली वेळ आज उपयोगाची नाही. मॅरेथॉनच्या सहा ते आठ आठवडे आधी एखाद्या अर्धमॅरेथॉनमध्ये मनापासून धावून मिळालेली वेळ हा सर्वांत विश्वासार्ह पाया ठरतो.

तिसाव्या किलोमीटरची भिंत

सूत्र चुकते ते नेमके कोठे? बहुतेकांच्या बाबतीत तिसाव्या किलोमीटरनंतर. धावताना शरीर प्रामुख्याने स्नायू व यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनवर चालते. हा साठा साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपास असतो. एक किलोमीटर धावण्यास शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे सत्तर किलो वजनाच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २,९५० कॅलरी लागतात. जमा दोन हजार आणि खर्च तीन हजारांच्या घरात, असा हा तुटीचा अर्थसंकल्प आहे. उरलेली गरज चरबीतून भागते. परंतु चरबीपासून ऊर्जा मिळवण्याची प्रक्रिया संथ असते. वेग जितका जास्त, तितका ग्लायकोजेनचा साठा लवकर संपतो. तो संपला की पाय शिशासारखे जड होतात. धावपटू यालाच 'भिंतीवर आदळणे' म्हणतात.

मुंबईच्या मार्गात या भिंतीला आणखी एक चढ जोडलेला आहे. वरळी, वांद्रे-वरळी सागरी सेतू असे अंतर कापून परतणाऱ्या धावपटूंना अखेरच्या टप्प्यात पेडर रोडची चढण लागते. मोटारीतून जाताना जिची दखलही घेतली जात नाही, अशी ही चढण पस्तीस किलोमीटर धावलेल्या पायांना घाटासारखी भासते. सुरुवातीला घाई केलेल्यांचा हिशेब येथेच चुकता होतो.

हा हिशेब आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एका धावपटूने चार तासांचे लक्ष्य ठेवून ५ मिनिटे ४० सेकंदांच्या पेसने सुरुवात केली. पंचवीस किलोमीटरपर्यंत तो टिकला आणि नंतर दमल्याने उरलेले सतरा किलोमीटर साडेआठ मिनिटांच्या पेसने धावत-चालत आला. त्याची एकूण वेळ होते सुमारे ४ तास ४८ मिनिटे. दुसरा धावपटू पहिल्यापासून ६ मिनिटे ४५ सेकंदांच्या संथ पेसने धावला आणि तो शेवटपर्यंत टिकवला. त्याची वेळ ४ तास ४५ मिनिटे. पहिला बहुतेक वेळ पुढे होता, तरी अखेर तीन मिनिटे मागे पडला आणि शेवटचे दोन तास त्याने यातना सोसल्या, त्या वेगळ्याच. घाटरस्त्यावरील 'अति घाई संकटात नेई' ही पाटी मॅरेथॉनच्या प्रारंभरेषेवरही लावावी, अशी स्थिती आहे.

या बाबतीत महिला धावपटूंकडून पुरुषांनी शिकण्यासारखे आहे. अमेरिकेतील १४ मॅरेथॉनमधील ९१ हजारांहून अधिक नोंदी अभ्यासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, शर्यतीच्या उत्तरार्धात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्के, तर महिलांचा ११.७ टक्के मंदावतो, असे दिसून आले. यामागे शारीरिक कारणे असू शकतात. तसेच प्रारंभीच्या फाजील आत्मविश्वासाचाही वाटा असू शकतो.

हवामानाचा कर

वेळेवर परिणाम करणारा, पण लक्ष्य ठरवताना हमखास विसरला जाणारा घटक म्हणजे हवामान. पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनच्या २००१ ते २०१० या काळातील सुमारे १८ लाख नोंदींचा अभ्यास फ्रान्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. वेगवान धावण्यास सर्वाधिक अनुकूल तापमान, धावपटूच्या दर्जानुसार, साधारण ४ ते १० अंश सेल्सिअस असते, असा त्याचा निष्कर्ष होता. मुंबईत जानेवारीची पहाटसुद्धा एवढी थंड नसते आणि सूर्य वर आल्यावर तापमान झपाट्याने वाढते. त्यात समुद्राकाठची आर्द्रता. घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि हृदयावरील ताण वाढतो.

म्हणूनच बर्लिन किंवा लंडनच्या वेळेशी मुंबईच्या वेळेची तुलना करणे अन्यायाचे ठरते. परदेशी राहणारा भाऊ साडेचार तासांत धावला म्हणून मुंबईत तेवढ्याच वेळेचा हट्ट धरू नये. संथ धावणाऱ्याला हा कर अधिक बसतो; कारण वेगवान धावपटू ऊन चढण्यापूर्वीच घरी पोहोचलेला असतो. हीच गोष्ट चढणीच्या शर्यतींची. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढावा लागतो. तेथील वेळेवरून सपाट रस्त्यावरच्या अर्धमॅरेथॉनचा किंवा उलट अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

गोल आकड्यांची मोहिनी

धावपटूंचे लक्ष्य बहुधा गोल आकड्यांत असते. चार तास, साडेचार तास, पाच तास. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने जगभरातील सुमारे ९८ लाख मॅरेथॉन नोंदींचा अभ्यास करून २०१७ मध्ये एक मनोरंजक निष्कर्ष मांडला. तीन, चार, पाच तास अशा गोल आकड्यांच्या किंचित आधी शर्यत संपवणाऱ्यांची संख्या, त्यानंतर लगेच येणाऱ्यांपेक्षा लक्षणीय अधिक असते. ३ तास ५९ मिनिटांत येणारे पुष्कळ, ४ तास १ मिनिटात येणारे त्या मानाने थोडे. लक्ष्य नजरेच्या टप्प्यात आले, की दमलेला माणूसही शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये वेग टिकवतो किंवा वाढवतो.

निश्चित लक्ष्याचे बळ यातून दिसते, तसाच त्याचा धोकाही. आकडा आवाक्यातला असेल, तर तो शेवटच्या क्षणी पायांत जोर आणतो. आवाक्याबाहेरचा असेल, तर तो पहिल्या तासातच शरीराला कर्जबाजारी करतो.

यावर अनुभवी प्रशिक्षक सुचवतात तो उपाय म्हणजे एकच लक्ष्य न ठेवता तीन ठेवणे. पहिले उत्तम लक्ष्य : हवा थंड, झोप पुरेशी, सर्व काही मनासारखे जुळून आले तर गाठायची वेळ. दुसरे मध्यम : सरावाच्या आधारे प्रामाणिकपणे अपेक्षित असलेली वेळ. तिसरे किमान : दिवस कितीही वाईट गेला, तरी धडधाकट अवस्थेत अंतिम रेषा ओलांडणे. आपल्या उदाहरणातील बँक कर्मचाऱ्यासाठी ही लक्ष्ये अनुक्रमे ४ तास ४० मिनिटे, ५ तास आणि 'सुखरूप समाप्ती' अशी असू शकतील. पहिले हुकले, तर शर्यत सोडून देण्याची निराशा येत नाही. दुसरे समोर उभेच असते. शर्यतीची सुरुवात मात्र नेहमी मध्यम लक्ष्याच्या पेसने करावी. तिसाव्या किलोमीटरनंतर पायांत दम शिल्लक असेल, तर उत्तमाचा पाठलाग करण्यास कोणी अडवलेले नसते.

पहिल्यांदाच मॅरेथॉन धावणाऱ्याने तर वेळेचे लक्ष्य दुय्यमच ठेवावे. आयोजकांनी ठरवलेली अंतिम मुदत, म्हणजे 'कट-ऑफ', आधी जाणून घ्यावी आणि तिच्या आत आरामात बसेल असा पेस निवडावा. पहिल्या शर्यतीची वेळ कोणतीही असो, ती त्या व्यक्तीची सर्वोत्तमच असते!

घड्याळे दोन, वेळा दोन

निकालपत्रात अनेकदा दोन वेळा दिसतात, त्यावरून नवख्यांचा गोंधळ उडतो. प्रारंभाचा इशारा झाल्यापासून मोजलेली वेळ ही 'गन टाइम'. मोठ्या शर्यतीत मागच्या रांगेतील धावपटूला प्रारंभरेषेपर्यंत पोहोचण्यासच काही मिनिटे लागतात. छातीवरील क्रमांकाला किंवा बुटाला लावलेली चिप त्याने रेषा ओलांडल्यापासूनची खरी वेळ मोजते, ती 'नेट टाइम'. स्वतःच्या प्रगतीसाठी दुसरीच वेळ ग्राह्य धरावी.

मनगटावरील घड्याळाचे अंतर आणि रस्त्यावरील फलकाचे अंतर जुळत नाही, ही आणखी एक नेहमीची तक्रार. अधिकृत मार्ग हा वळणांच्या आतील बाजूने, सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो आणि तो कमी भरू नये म्हणून त्यात किलोमीटरमागे एक मीटर अधिक धरला जातो. गर्दीतून वाट काढत, वळणे बाहेरून घेत धावणाऱ्याचे प्रत्यक्ष अंतर सहज चारशे-पाचशे मीटरने वाढते. साडेसहा मिनिटांच्या पेसला हे जवळपास तीन मिनिटांचे नुकसान आहे. म्हणून घड्याळात नेमका लक्ष्याचा पेस दाखवत धावणारा अखेर दोन-तीन मिनिटांनी हुकतो. पेस ठरवतानाच किलोमीटरमागे चार-पाच सेकंदांची तजवीज ठेवणे इष्ट.

वहीतील सराव, रस्त्यावरची वेळ

लक्ष्य कोणतेही असो, त्याचा पाया सरावाच्या वहीत असतो. धावण्याची सवय असलेल्यालाही मॅरेथॉनच्या तयारीसाठी साधारण सोळा ते वीस आठवडे द्यावे लागतात. आठवड्यातून तीन-चार दिवस धावणे, त्यातील एक लांब पल्ल्याचे आणि बाकीचे बहुतांश इतके संथ, की सोबत्याशी गप्पा मारता याव्यात. लांब पल्ला हळूहळू वाढवत तीस किलोमीटरच्या आसपास न्यावा आणि शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे सराव कमी करून शरीराला विश्रांती द्यावी. ज्याच्या वहीत आठवड्याला वीस किलोमीटरच आहेत, त्याने चार तासांचे स्वप्न पाहणे म्हणजे वर्षभर पुस्तक न उघडता गुणवत्ता यादीची अपेक्षा करण्यासारखे आहे.

आरोग्याचा मुद्दा तर वेळेच्याही आधी येतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताप असताना धावू नये, मग शुल्क भरलेले असो वा नसो. छातीत दुखणे, चक्कर येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही थांबण्याची चिन्हे आहेत, जिद्द दाखवण्याची नव्हेत.

संथ धावणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना महत्त्वाची. पाणी कमी पिणे जसे वाईट, तसे भीतीपोटी प्रत्येक केंद्रावर पोटभर पिणेही धोक्याचे. बोस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण घातक म्हणावे इतके नसले तरी प्रमाणापेक्षा कमी झाले होते आणि काहींच्या बाबतीत ते गंभीर पातळीवर पोहोचले होते. शर्यतीत वजन वाढलेल्यांना, म्हणजे गरजेपेक्षा अधिक द्रव प्यायलेल्यांना, तसेच चार तासांहून अधिक वेळ धावणाऱ्यांना हा धोका जास्त होता. तहान लागेल तसे घोट-घोट पिणे आणि क्षार असलेले पेय सोबतीला ठेवणे, हा साधा नियम पुरेसा आहे.

शेवटी स्पर्धा कोणाशी?

दोन तासांत धावणारा आणि सहा तासांत धावणारा एकाच रस्त्यावरून, एकाच दिवशी, एकाच अंतिम रेषेवर पोहोचतो, हे सुख इतर खेळांच्या वाट्याला क्वचितच येते. सचिन तेंडुलकरबरोबर वानखेडेवर फलंदाजी करण्याची संधी सामान्य माणसाला मिळत नाही. मॅरेथॉनमध्ये मात्र तो ऑलिंपिकपटूंच्याच शर्यतीचा भाग असतो. सहा तास धावणाऱ्याच्या पायांवर तर विजेत्याच्या तिप्पट वेळ भार पडलेला असतो, त्यावर ऊन अधिक तापलेले असते आणि टाळ्या वाजवणारी गर्दी तोवर पांगू लागलेली असते.

तेव्हा सोमवारी कार्यालयात 'किती वेळ लागला?' असे कोणी विचारलेच, तर सांगायचा आकडा शेजाऱ्याशी नव्हे, तर स्वतःच्या सरावाशी ताडून पाहावा. ठरवलेल्या पेसने धावून, पेडर रोडची चढण न थांबता चढून, घरचा जिना स्वतःच्या पायांनी चढणाऱ्याची वेळ चांगलीच म्हणायची. पुढच्या जानेवारीपर्यंत ती पाच-दहा मिनिटांनी कमी करण्यास पूर्ण वर्ष हाताशी असतेच.